मौना केआच्या सहलीचं पत्रक छापण्याआधी : मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी, त्यांच्या सहल समित्या आणि हवाईच्या सहली नेणारे आपले मराठी आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी हवाईतल्या बिग आयलंडवर, हिलोत राहते. इथे मराठी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे मेनलँडवरून निघणाऱ्या सहलीचं पत्रक या ना त्या व्हॉट्सअॅप गटातून फिरत फिरत माझ्यापर्यंत येतंच. सोबत निरोप असतो, "ताई, जरा नजर टाका, काही राहिलंय का?" राहिलेलं कधीच काही नसतं. उलट एका दिवसात दोन दिवस कोंबलेले असतात. सकाळी ज्वालामुखीचं राष्ट्रीय उद्यान, दुपारी काळ्या वाळूचा किनारा आणि डबा, आणि मग एक ओळ : "सायं. 5.30 मौना केआ शिखर, सूर्यास्त व ग्रुप फोटो." त्याखाली लगेच रात्रीचं जेवण.

हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. ती ओळ पत्रकातून काढावी किंवा निदान मुळापासून बदलावी, अशी माझी विनंती आहे.

पहिली हरकत साध्या आकड्यांची. मौना केआचं शिखर सुमारे 4,200 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646. केदारनाथचं देऊळ 3,583. लेह शहर साडेतीन हजारांच्या आसपास, आणि लेहला विमानातून उतरलं की दोन दिवस हॉटेलात लोळायचं, जिना सावकाश चढायचा, हे आपल्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मग त्याहून सहा-सातशे मीटर उंच जागी, नुकत्याच समुद्रात पाय भिजवून आलेल्या माणसाला दोन-अडीच तासांत नेऊन उभं करताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही? मला वाटतं, याला कारण तो रस्ता. चालत चढायचा डोंगर असता तर निम्मी मंडळी पायथ्याशी चहा पीत बसली असती आणि उरलेल्यांना त्यांच्याच छातीच्या भात्याने सांगितलं असतं, की बाबा, बेताने घे. गाडीत बसून, अंताक्षरी खेळत वर गेलं की उंची जाणवत नाही. दार उघडून चार पावलं टाकली की जाणवते.

शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे 60 टक्के असतो. म्हणजे छाती भरून श्वास घेतला तरी प्राणवायू खालच्यापेक्षा 40 टक्के कमी मिळतो. बहुतेकांचं डोकेदुखी, मळमळ, गरगरणं यावर निभावतं. थोड्यांचं निभावत नाही. फुप्फुसात पाणी साचू लागतं किंवा मेंदूला सूज येते, मग बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, माणूस प्यायल्यासारखा झोकांड्या देतो आणि विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देतो. अशा माणसाला गाडीत झोपवून "सूर्यास्त झाला की निघूच" म्हणणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं. खरा उपाय एकच, ताबडतोब खाली आणणं. वर दवाखाना नाही. मोठं रुग्णालय हिलोत, आणि तिथवरच्या वाटेत एक टप्पा कच्च्या, उतरणीच्या रस्त्याचा. रोज जिमला जाणाऱ्याला हे होणार नाही, असंही नाही. अंगातली ताकद आणि विरळ हवा सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि कृपा करून उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्या बसमध्ये प्रसादासारख्या वाटू नका. सल्फाची अॅलर्जी असलेल्याला ती चालेलच असं नाही. ते ज्याने त्याने आपल्या डॉक्टरला विचारून ठरवायचं.

वाटेत 2,800 मीटरवर हाले पोहाकू नावाचं ठिकाण लागतं. पर्यटकांसाठीचं माहिती केंद्र तिथेच आहे. याच बेटावरच्या कोना भागातला मुलगा, 1986 च्या चॅलेंजर दुर्घटनेत गेलेला अंतराळवीर एलिसन ओनिझुका, त्याचं नाव तिथल्या खगोल केंद्राला दिलेलं आहे. पुढे जायचं असेल तर इथे किमान अर्धा तास थांबा, असं रेंजर प्रत्येकाला सांगतात. दुर्बिणींवर काम करायला येणारे शास्त्रज्ञसुद्धा आधी इथे मुक्काम करतात, शरीराला सवय होऊ देतात, मग वर जातात. आपल्या पत्रकात या ठिकाणाचं नाव "टॉयलेट ब्रेक, 10 मि." असं असतं.

या दहा मिनिटांत काय घडतं ते मी तिथल्या वाहनतळावर पाहिलं आहे. पाहुण्यांना घेऊन गेले होते. शेजारी एक व्हॅन येऊन थांबली आणि मराठी ऐकू आलं. उतरलेल्यांत एक आजोबा, डोक्याला माकडटोपी, अंगात मुलाचं सैलसर जॅकेट, पायात नवे पांढरे बूट. ते व्हॅनच्या पायरीवरच टेकले. सूनबाईंनी पर्समधून कोविडच्या काळातला ऑक्सिमीटर काढून त्यांच्या बोटाला लावला. आकडा आला 84. मुलाने तो काढला, झटकला, पुन्हा लावला. 83. "बॅटरी गेली असेल," मुलगा म्हणाला, आणि मग ते यंत्र चार जणांच्या बोटांवरून फिरलं. तीन जणांचे आकडे नव्वदीच्या पुढे. बॅटरी ठीक होती. आजोबांचे ओठ तोवर जांभळट दिसायला लागले होते आणि ते सगळ्यांना सांगत होते, "माझ्यामुळे कुणी थांबू नका रे. मला काही होत नाही." एक रेंजर बाई येऊन त्यांच्या शेजारी बसल्या, आणि त्यांनी मुलाला अगदी शांतपणे सांगितलं, की यांना वर न्यायचं नाही, खाली न्यायचं आहे, आणि आत्ता. पण व्हॅन एकच! बाकीच्यांनी "एवढे पैसे भरलेत" वर चर्चा सुरू केली. शेवटी आजोबांना आणि मुलाला माझ्या गाडीत घातलं. आम्ही खाली सॅडल रोड या हमरस्त्याला लागलो, तेव्हा मागून आवाज आला, "चहा मिळेल का कुठे?" मी सुटकेचा श्वास टाकला.

आयोजकांना माझं सांगणं हे, की आपल्या सहलींत असे आजोबा हमखास असतात. उन्हाळ्यात भारतातून आलेले आईवडील, बीपीची गोळी, साखरेची गोळी, कुणाची अँजिओप्लास्टी झालेली, आणि प्रवास-विम्यात जुन्या आजारांचं कलम बारीक अक्षरात. मुलांना वाटतं, आईबाबा एवढे लांब आलेत तर सगळं दाखवावं. आईबाबांना वाटतं, मुलांचा विरस नको. दोघं एकमेकांसाठी गप्प बसतात. हे मौन तोडण्याचं काम आयोजकाचं आहे, कारण त्याला नाही म्हणताना कुणाचं मन मोडायचं नसतं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि 13 वर्षांखालच्या मुलांनी हाले पोहाकूच्या वर जाऊ नये, असं इथे स्पष्ट सांगितलेलं आहे. नावनोंदणीच्या फॉर्मात शाकाहारी की मांसाहारी हे विचारता, तिथेच हेही विचारा. आणि ज्यांनी स्कूबा डायव्हिंग केलंय त्यांनी पुढचे 24 तास वर जायचं नाही. पाण्याखाली दाबाने रक्तात मुरलेला नायट्रोजन कमी दाबाच्या हवेत बुडबुडे होऊन बाहेर पडतो आणि माणूस लुळा पडू शकतो. "सकाळी डायव्हिंग, संध्याकाळी शिखर" असं पत्रकही मी पाहिलेलं आहे.

गाडीचं थोडक्यात सांगते. हाले पोहाकूनंतर लगेच डांबर संपतं, पुढे सातेक किलोमीटर खडी आणि मातीचा चढ आहे. चारही चाकांना ताकद देणारी, लो-रेंज गिअर असलेली गाडीच वर जाऊ देतात, रेंजर तपासतात. घराजवळच्या शाळेत मुलांना सोडायची ऑल-व्हील-ड्राइव्ह त्यात बसत नाही. भाड्याच्या बहुतेक गाड्यांच्या करारात हा रस्ता वर्ज्य असतो, म्हणजे काही झालं तर विमा हात वर करतो. खरा धोका उतरताना. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापून निकामी होतात, खालच्या गिअरमध्येच उतरायचं. आणि पैसे घेऊन माणसं वर न्यायची तर परवाना लागतो. तो मोजक्याच स्थानिक कंपन्यांकडे आहे. भाड्याची व्हॅन करून डोकी मोजून वर्गणी काढणाऱ्या समित्यांनी याचा नीट विचार करावा.

ही झाली जिवाची बाजू. आता जी सांगायला मला जास्त अवघड वाटते, ती.

मौना केआ हा हवाईयन लोकांचा देव आहे म्हटलं तरी ते अपुरं पडतं. त्यांच्या परंपरेत हा डोंगर आकाशपिता वाकेआ आणि भूमाता पापा यांच्या वंशातला आहे, आणि माणसंही त्याच वंशातली. म्हणजे तो त्यांच्या घरातला थोरला. बर्फाची देवी पोलिआहू इथे राहते, धुक्याची लिलिनोए इथे राहते. वरचा सगळा पट्टा देवांचा, माणसाने तिथे कामाशिवाय जाऊ नये, अशी जुनी रीत होती. काम असलेले जात. पावणेचार हजार मीटरच्या आसपास दगडी कुऱ्हाडींची एक प्रचंड खाण आहे. लोखंड माहीत नसलेल्या काळात लोक तिथवर जाऊन दगड फोडून आणत, आणि जाताना देवाला विचारून जात. त्यांनी मांडलेली देवस्थानं खाणीच्या आजूबाजूला आजही दिसतात. त्याच्याही वर, 3,970 मीटरवर, वाइआउ नावाचं लहानसं तळं आहे. नवजात बाळाची नाळ तिथे नेऊन ठेवण्याची रीत अजून काही घरांत पाळली जाते. "जिथे नाळ पुरली" असं बोलणाऱ्या आपल्या लोकांना याचा अर्थ सांगत बसायला नको. त्या तळ्यात नाणी टाकणं, पाय सोडून बसणं, बाटलीत पाणी भरून घेणं, हे सगळं मी ऐकून आहे.

पत्रकात "शिखर" असं लिहिलेलं असतं तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे खरा माथा असतो. त्याचं नाव पुऊ वेकिउ. गाडी थांबते तिथून समोर दिसणारा राखेचा आणि खडीचा शंकूसारखा उंचवटा. वर हवाईयन लोकांची वेदी आहे. तिथे जाऊ नका, अशी विनंती करणारी पाटी पायवाटेच्या तोंडाशी आहे. पाटी ओलांडायला अडवणारं तिथे सहसा कुणी नसतं, आणि आपल्यातल्या पुष्कळांना "एवढं आलोय तर" हा रोग आहे. गाडीपासूनचे ते शेवटचे काही मीटर चढून हात वर करून फोटो काढल्याशिवाय शिखर झालं असं वाटतच नाही.

आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं जातात. त्यातल्या किती जणांच्या कपाळाला विठोबाचे पाय लागतात? दिवसदिवस रांगेत उभं राहणं शक्य नसलेले वारकरी नामदेव पायरीला डोकं टेकवतात, कळसाकडे बघून हात जोडतात आणि गावाकडे निघतात. त्यांची वारी अर्धी राहिली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. कैलासाचंही तेच. मानससरोवराला जाणारा यात्रेकरू प्रदक्षिणा करतो, चढत कुणी नाही, आणि कुणी चढायला निघालाच तर सगळ्यात आधी आपणच ओरडू. 1955 मध्ये कांचनगंगेवर पहिल्यांदा गेलेले ब्रिटिश गिर्यारोहक सिक्कीमला दिलेल्या शब्दासाठी माथ्याच्या काही पावलं अलीकडे थांबले. एवढं सगळं आपल्याला कळतं. मग दुसऱ्याच्या डोंगराशी आल्यावर ते का विसरायचं?

आता दुर्बिणींचा विषय, जो आपल्या मंडळींच्या फार जिव्हाळ्याचा आहे. मौना केआवर केकच्या दहा-दहा मीटरच्या दोन दुर्बिणी आहेत, जपानची सुबारू आहे, जेमिनी आहे. ढग बहुतेक वेळा खालीच राहतात, वरची हवा कोरडी आणि स्थिर, म्हणून जगात आकाश बघायला याहून चांगल्या जागा फार थोड्या. याच डोंगरावर तीस मीटर व्यासाच्या आरशाची टीएमटी (थर्टी मीटर टेलिस्कोप) ही दुर्बीण उभारायचा बेत आहे. आरसा 492 तुकड्यांचा. त्यात भारत 10 टक्क्यांचा भागीदार, आणि पुण्याची आयुका ही भारताकडून काम करणाऱ्या तीन खगोल संस्थांपैकी एक, बंगळुरूची आयआयए आणि नैनितालची एरीज यांच्या जोडीने. एका सहलीच्या पत्रकात मी वाचलं : "आपल्या पुण्याची दुर्बीण जिथे उभी राहणार ते स्थळ!" उद्गारचिन्हासकट.

त्या उद्गारचिन्हामागचा अभिमान मला कळतो. मीही आयुकाच्या विज्ञान दिनाला रांगा लावून मोठी झाले आहे. पण ते वाक्य इथे, या बेटावर, मोठ्याने वाचण्याआधी पुढचं माहीत असू द्या. 2014 च्या ऑक्टोबरात भूमिपूजनाचा कार्यक्रम हवाईयन लोकांनी अडवला. 2015 मध्ये अटका झाल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना रद्द केला. नव्याने दिलेला परवाना त्याच न्यायालयाने 2018 मध्ये वैध ठरवला. 2019 च्या जुलैत बांधकामाची यंत्रं वर निघाली तेव्हा पायथ्याशी, डोंगराकडे वळणाऱ्या रस्त्यावर, हवाईयन म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसली. 17 जुलैला त्यांतल्या तीसहून अधिक जणांना अटक झाली. काहींना चालता येत नव्हतं, त्यांना उचलून न्यावं लागलं. बाकीच्यांनी तिथेच तळ ठोकला. आजवर टीएमटीचं बांधकाम तिथे उभं राहिलेलं नाही. ती बसलेली आज्जी म्हणजे इथल्या कुणाची तरी शाळेतली बाई असते, कुणाची आत्या असते. तुमच्या टेबलावर जेवण आणून ठेवणाऱ्या मुलीचीही असू शकते.

सगळे हवाईयन दुर्बिणींच्या विरोधात आहेत असं समजू नका. दुर्बिणींवर काम करणारे हवाईयन आहेत, आणि ताऱ्यांवरून होडी हाकत प्रशांत महासागर पार करणारे यांचेच पूर्वज. भांडण खगोलशास्त्राशी कमी आणि विचारल्याशिवाय, न जुमानता होत गेलेल्या कारभाराशी जास्त आहे. हवाई विद्यापीठाने 1968 मध्ये ही जमीन 65 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली आणि एकामागून एक दुर्बिणी चढत गेल्या. 2022 मध्ये नवा कायदा होऊन डोंगराच्या कारभारासाठी स्वतंत्र प्राधिकरण आलं, त्यात हवाईयन परंपरा पाळणाऱ्यांना जागा आहे. 2024 मध्ये दोन दुर्बिणी उतरवून त्यांच्या जागा मोकळ्या केल्या गेल्या. यात बाजू कुणाची घ्यायची हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मन दोन्हीकडे ओढतं, आणि त्याचं मला ओझं वाटत नाही. फक्त चार तासांसाठी आलेल्या पाहुण्याने निकाल देऊ नये. गाइडला "पण विज्ञानाला विरोध कशाला?" असं विचारू नका. तो त्या रस्त्यावर बसलेला असू शकतो.

वागण्याच्या बारीक गोष्टी तुम्हाला सांगायला संकोच वाटतो, पण सांगते. शिखरावर "हर हर महादेव" नको, भगवा झेंडा नको, आरती नको. भाव चांगला असतो हे मान्य, पण दुसऱ्याच्या देवघरात आपण आपला देव मांडत नाही. वेदीपाशी नारळ, फुलं, हळदकुंकू वाहू नका. तिथे काय वाहायचं, कुणी आणि कधी, हे त्यांचं ते ठरवतात. कुणाच्या अस्थी आणल्या असतील तर त्या इथे नाहीत. दगडांवर दगड रचून मनोरे करू नका. तिथे दिसणाऱ्या काही रचना खरोखरच पूजेच्या आहेत, तुमच्या मनोऱ्यामुळे पुढच्याला दोन्हींतला फरक कळत नाही. दगड खिशात घालून सॅन होजेला नेऊ नका. ड्रोनला बंदी आहे.

आणि पायवाट सोडू नका, त्याला आणखी एक कारण आहे. शिखरावरच्या त्या ओसाड खडीत तांदळाच्या दाण्याएवढा एक किडा राहतो, वेकिउ. या डोंगराच्या माथ्याशिवाय जगात तो कुठेच नाही. वाऱ्याबरोबर खालून उडत आलेले कीटक थंडीने गारठून पडतात, हा खडीतल्या फटींतून बाहेर येऊन त्यांच्यातला रस शोषतो, तेवढंच त्याचं जेवण. खडी पायाखाली चुरडली की त्या फटी बुजतात. बुटांच्या तळव्यातली माती आणि बिया हॉटेलातच झटकून निघा, म्हणजे खालचं गवत आणि मुंग्या आपल्या पायांनी वर जाणार नाहीत.

तर मग सहलीत काय ठेवायचं? हिलोत इमिलोआ नावाचं केंद्र आहे, 2006 पासूनचं. आकाशाचं शास्त्र आणि हवाईयन परंपरा तिथे एकाच छपराखाली मांडलेली आहे, तारांगण आहे, बसायला जागा आहे, आजीआजोबा आणि लहान मुलं दोघंही रमतात. अर्धा दिवस तिथे द्या. मग ज्यांची तब्येत साथ देते त्यांना घेऊन दुपार कलायच्या आत हाले पोहाकूला या. वाहनतळासमोर पुऊ कालेपेआमोआ नावाची टेकडी आहे, सूर्यास्त तिथून छान दिसतो, पायाखाली ढगांची चादर असते आणि पलीकडे मौना लोआ या शेजारच्या डोंगराची लांबच लांब पाठ. चढ छोटा आहे, तरी हळूच चढायचा. उतरून, गरम काही पिऊन, दिवे मालवून नुसत्या डोळ्यांनी वर बघत बसा. हाले पोहाकू 20 अंश उत्तर अक्षांशाच्या अगदी जवळ आहे, म्हणजे छत्रपती संभाजीनगर किंवा नाशिकच्याच पट्ट्यात. ध्रुव तेवढ्याच उंचीवर दिसतो, हिवाळ्यात अगस्ती तसाच दक्षिणेला वर येतो. तारे तेच असतात, फक्त नाशकात आता दिव्यांमुळे दिसत नाहीत ते इथे दिसतात. मंडळातल्या एखाद्याला नक्षत्रं ओळखता येत असतील तर त्याला आधीच सांगून ठेवा, रात्र त्याचीच असते.

एवढं सांगूनही कुणाला वर जायचंच असेल, आणि तब्येत, वय, गाडी सगळं जुळत असेल, तर परवाना असलेल्या कंपनीबरोबर जा. हाले पोहाकूला अर्धा तास तरी बसा, जेवण हलकं, दारू आदल्या रात्रीही नको, पाणी भरपूर. वर गाडीच्या आसपासच थांबा, धावू नका, ओरडू नका, मुक्काम थोडाच ठेवा. दुर्बिणी आतून बघायला मिळतील असं आश्वासन कुणालाही देऊ नका. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात सगळ्यांनी उतरायला लागायचं, कारण गाड्यांचे दिवे रात्रीच्या निरीक्षणाच्या आड येतात. आणि समूहातला एक जण जरी "डोकं दुखतंय" म्हणाला, तरी त्याच्यासोबत खाली यायला दुसरी गाडी आणि एक ड्रायव्हर आधीच ठरलेला असू द्या. व्हॅन एकच असली की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेच्या लांब सुट्टीला यायचा काही मंडळांचा बेत आहे असं कानावर आलंय. पत्रक छापखान्यात किंवा ग्रुपवर जाण्याआधी माझ्याकडे पाठवा, मी वेळा बसवून देईन. हिलोत असलेल्या दिवशी संध्याकाळी घरी चहापोह्यांना यावं. जे वर जाणार नाहीत त्यांनी तर जरूरच.

कळावे, लोभ असावा.

आपली,
हिलोतली एक मराठी रहिवासी

ता. क. : हवाईला चाललोय म्हणून स्वेटर, कानटोपी आणि बंद बूट घरी ठेवू नका. सूर्य बुडाला की वर पारा शून्याकडे घसरतो, आणि हिवाळ्यात बर्फ पडलं की रस्ताच बंद होतो. तसं झालं तर समितीने पैसे परत करायचे की नाही हे आधीच पत्रकात लिहा, म्हणजे भांडण माझ्या अंगणात येणार नाही.